पाचवे चित्र

नरहरीने चित्रापुढे टांगलेली चादर ओढली आणि त्याचा हात तसाच हवेत राहिला. पाचव्या कॅनव्हासवर चित्र उरले नव्हते. या कडेपासून त्या कडेपर्यंत राखाडी तैलरंग बसला होता, अजून ओला. आणि इतका एकसारखा, की ब्रशाची एक रेघही दिसू नये.

साडेनऊ वाजले होते. परीक्षक अकराला येणार होते.

कलाशाळेच्या पदव्युत्तर वर्गाची ती अंतिम परीक्षा होती. ज्यांच्या श्रमांची चित्रे, त्यांच्या दृष्टीस ती प्रथम पडावीत, असा आचार्य भाऊरावांचा भाव. म्हणून नरहरी आणि देवाजी या दोघांची प्रदर्शने त्यांनी भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीतील सभागृहात मांडविली होती. कारखान्याची पहिली भट्टी पेटून दोन वर्षे झाली होती. पलीकडे नव्या तुळया अजून चढतच होत्या.

नरहरीचे वडील पुंडलिक त्याच तुळयांवर रंगारी होते. मुलगा अनुत्तीर्ण झाला तर त्याने आपल्या टोळीत यावे, असे त्यांनी मुकादमाला सांगूनही ठेवले होते.

पाचवे चित्र वडिलांचेच होते. तुळयांचा तो शेंदरी रंग, त्याच्याच दोन निकटच्या छटा, आणि त्यांतून उमटणारा, कमरेला दोर बांधून तुळईवर लटकलेला एक माणूस. दिव्याखाली तो दिसत नसे. दिवसाच्या उजेडातच प्रकट होई. आदल्या संध्याकाळी पुंडलिक येऊन गेले, तेव्हा नरहरीने काहीच सांगितले नव्हते. सकाळच्या पाळीहून सुटून आल्यावर त्यांनी स्वतःच स्वतःला ओळखावे, अशी त्याची इच्छा होती.

"झालं काय हे?" एवढेच त्यांनी बल्बखाली उभे राहून विचारले होते.

"झालं, बाबा."

"हं." आणि ते निघून गेले होते. तो 'हं' रात्रभर नरहरीच्या मनात सलत राहिला.

मागील दाराने देवाजी आत आला. त्याच्या अंगाला रॉकेलचा वास येत होता आणि दोन्ही तळहात राखाडी होते.

"कावून केलं बे तू हे?" नरहरीचा स्वर फुटला.

"मी नाही केलं."

"मंग हाताले काय मेंदी लागली?"

देवाजीने हात मागे घेतले. "इचारू नको, नरहरी. चार चित्रं आहेत ना तुझी? थे मांड."

"मले शिकवतं? दोन वर्षांपासून नुसती धुरांड्याच्या धुराची चित्रं काढून राहिला तू. माझं पाहवलं नाही तुले!"

देवाजीने खाली पडलेली चादर उचलून तिची घडी घातली.

आवाज ऐकून आलेल्या भाऊरावांनी तीनदा विचारले. "देवाजी, हे तू केलेस का? नसल्यास कोणी केले, हे तुला ठाऊक आहे का?"

"सर, माझं नाव लावा. अजून कोणाले इचारू नका."

"मौन ही संमतीच होय, असे शास्त्र सांगते. तू तर मौनाच्याही पुढे गेलास." वृद्ध आचार्यांनी यादीतून त्याचे नाव खोडले. "तुझी चित्रे परीक्षकांसमोर मांडली जाणार नाहीत. आणि शाळेच्या पटावर तुझे नाव पुन्हा चढणार नाही."

देवाजीने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. आपली सात चित्रे त्याने एकेक करून भिंतीवरून उतरविली, सुतळीने बांधली आणि दुर्ग स्टेशनसाठी रिक्षा केली. नरहरी पाठ फिरवून उभा होता.

परीक्षकांनी चार चित्रे पाहिली, बराच वेळ आपसात बोलले आणि एक वाजता निकाल सांगितला. नरहरी उत्तीर्ण झाला होता, जेमतेम.

अडीच वाजता पुंडलिक आले. धुतलेला सदरा, हातात पेढ्यांचा पुडा, मागे टोळीतले चौघे.

"झाला ना पास?"

"झालो, बाबा."

"पाहा, म्हटलं होतं ना मी!" त्यांनी सोबत्यांकडे वळून पाहिले. मग पाचव्या कॅनव्हासजवळ जाऊन, मान तिरपी करून, कडा न्याहाळल्या. "रंग बसला ना बरोबर? अरे पोरा, चारांत चित्र होतं अन् याच्यात नुसतं शेंदरी अस्तर, पहिला हात! तुले टाइम पुरला नाही, समजलं मले. अस्तर उघडं दिसलं तं इन्स्पेक्टर आमची तुळई पास करत नाही, तुले कुठून करतीन? म्हणून पहाटे ड्युटीच्या पहिले येऊन वरचा राखाडी हात मारून देला."

पुंडलिकांनी त्याला बाजूला ओढले आणि आवाज उतरविला.

"पण तुझा थो देवाजी बरा नाही बाप्पा. इथंच निजला होता, उठून माझा ब्रश धरून धरून रडून राहिला होता. म्हणे, काका, नका लावू, याच्यात तुमीच आहा. मले काय येडा समजतो? जळते पोरगा तुझ्यावर."