तुझा नंबर नंतर

चावली ती चावलीच, वर सॉरी म्हणायलाही तयार नव्हती.

"बोल," बाप म्हणाला. "बोलतेस की नाही?"

भिंगरी मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये भिंतीला पाठ लावून उभी होती. ओठ गच्च मिटलेले. समोरच्या बाकावर तिच्याच दुसरीच्या वर्गातला टिल्लू मनगट धरून बसला होता. मनगटावर दातांचे लाल ठसे उमटले होते. त्याच्या शेजारी कॉम्प्युटरचे सर हाताची घडी घालून उभे.

शाळेतून फोन आला तेव्हा बापाच्या हातात वस्तरा होता. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर खुर्चीत सोडून तो सलूनमधून तसाच धावत आला होता. बाह्यांवर बारीक केस चिकटलेले होते. पोरीला काय काय सुनावायचं ते वाटेतच ठरलं होतं आणि आल्या आल्या सुनावूनही झालं होतं. आता तो मोठ्या बाईंसमोर हात जोडून उभा होता.

"बाई, चुकलं तिचं. पुन्हा नाही व्हायचं असं. बाळा, तुझीही माफी मागतो रे. फार दुखतंय का?"

"आता नाही दुखत," टिल्लू म्हणाला. मग सरांकडे न बघता घाईघाईने म्हणाला, "काका, ती रोज म्हणते, मला दे ना माऊस. सर म्हणतात, तुझा नंबर नंतर. मग तास संपतो. आज मी विचारलं सरांना, देऊ का तिला? सर म्हणाले, तू तुझं चित्र पूर्ण कर. मग चावली ती."

"तू गप्प बस," सर म्हणाले.

बापाचे जोडलेले हात सुटले. त्याने पोरीकडे पाहिलं.

"तू कधी हातच लावला नाहीस कॉम्प्युटरला?"

"लावला ना," भिंगरी पहिल्यांदाच बोलली. "पाहुणे येणार होते तेव्हा. सरांनी फडकं दिलं होतं पुसायला."

मोठ्या बाईंनी सरांकडे पाहिलं.

"त्याचं काय आहे," सरांनी घसा साफ केला, "मशीन कमी, मुलं जास्त. ज्यांच्या घरी कॉम्प्युटर आहे त्यांना पटकन जमतं. हिला अगदी पहिल्यापासून शिकवत बसायचं म्हणजे सगळ्या वर्गाचा खोळंबा. आणि बघूनही शिकतात की मुलं."

"घरी असता तर तुमच्याकडे कशाला पाठवली असती?"

आवाज चढला तसा दारातून जाणारा शिपाई थबकला. शेजारच्या वर्गातल्या बाईही डोकावल्या.

"हळू बोला," मोठ्या बाई म्हणाल्या. "विषय चावण्याचा आहे."

"आहेच. चावली ते वाईटच केलं तिने. द्या शिक्षा. उन्हात उभी करा, तिच्या शेजारी मला उभा करा. पण आधी तिला त्या खुर्चीवर बसवा."

"उद्या बघू. तुमचं गिऱ्हाईक खोळंबलंय म्हणालात ना?"

"खोळंबू दे. अर्ध्या दाढीने कोणी मरत नाही." बापाने बाकावर बैठक मारली. "उद्या नाही. आत्ता."

मोठ्या बाईंनी दाराकडे पाहिलं. तिथे आता चांगलीच गर्दी जमत होती.

"सर, बसवा तिला थोडा वेळ. मिटवा हे."

कॉम्प्युटरच्या खोलीत सगळ्या मशीनना गुलाबी झालरीच्या टोप्या घातल्या होत्या. सरांनी एक टोपी फर्रकन ओढली, बटण दाबलं. भिंगरी खुर्चीवर चढून बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते. कोणी बोलावलं नव्हतं तरी टिल्लू मागोमाग आला होता. बाप दारातच थांबला. मोठ्या बाई त्याच्या बाजूला.

पडदा पांढराशुभ्र झाला.

"हं, काढ गोल," सर म्हणाले.

तिने माऊस मुठीत धरला. बाण सरळ कोपऱ्यात पळाला. तिने हात आणखी लांबवला तसा माऊस टेबलावरून घसरला आणि वायरला लोंबकळू लागला. सरांनी जिभेने च्यक् केलं. टिल्लूने तो उचलून तिच्यापुढे ठेवला आणि पटकन मागे सरला. तिने पुन्हा धरला. या वेळी एक रेघ उमटली. वेडीवाकडी, मध्येच तुटलेली. तिचे कान लाल झाले. तिने दुसरी रेघ ओढली. ती पहिलीपेक्षाही वाकडी गेली.

बाप पुढे सरकला नाही. त्याने खिशात मुठी आवळल्या होत्या.

"अगं, असं नाही. अशाने संध्याकाळ होईल." सर वाकले. त्यांनी तिच्या हातावर आपला पंजा ठेवला. तिचा हात त्याखाली दिसेनासा झाला. माऊस सरसर फिरला. वेड्यावाकड्या रेघांच्या शेजारी गोल उमटला. गरगरीत, कुठेही न तुटलेला.

"हे बघा!" सर हात तसाच ठेवून दाराकडे वळून हसले. "काढला की नाही तुमच्या पोरीने गोल? उगाच चिडलात तुम्ही."

"छान," मोठ्या बाई म्हणाल्या आणि जायला वळल्या.

भिंगरी गोलाकडे बघत राहिली. मग तिने सरांकडे मान वर केली. डोळ्यांत पाण्याचा थेंब नव्हता.

"हा तुमचा झाला, सर," ती म्हणाली. "आता हात काढा."