रुंद टायर

नजर अधू झाल्यापासून मोरेश्वरांची जुनी, छोटी गाडी त्यांची बायको सुलभा चालवायची. साठी उलटल्यावर शिकली होती. टायर झिजले, तेव्हा दोघं चिपळूणच्या दुकानात आले.

मोरेश्वरांनी एका रुंद टायरवरून हात फिरवला. गाडी घेतल्यापासून त्यांना तसेच हवे होते.

"बसतील," दुकानदार म्हणाला, "पण गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही. वळवताना जड जाईल."

"बसवा तुम्ही," सुलभा म्हणाली. "किती वर्षांची हौस आहे यांची."

मोरेश्वरांना तिचा दुखरा खांदा आठवला. हल्ली वेणी घालतानाही ती हात मध्येच खाली घ्यायची.

"नको, आधीच्याच मापाचे द्या," ते म्हणाले. "रुंद टायर आमच्या गाडीला शोभायचे नाहीत."

परतताना चौकात तिने स्टिअरिंग सहज फिरवलं. मग विचारलं, "खरंच शोभले नसते?"

"झकास दिसले असते," मोरेश्वर म्हणाले. "पण मला अजून पुष्कळ वर्षं तुझ्या शेजारी बसून हिंडायचंय."

घराचं वळण आलं, तेव्हा ते सोडून सुलभाने गाडी खाडीच्या रस्त्याला घातली.