रक्ताचं म्हणणं

रक्त तपासायच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटली तेव्हा प्रणाली कोल्हापुरी साज ओवायला बसली होती. सुईचं नेढं तिला लख्ख दिसत होतं. पण सकाळी बोटातून काढलेल्या थेंबाचं म्हणणं वेगळं होतं. मेंदूतल्या नसांना सूज धरू लागली होती, आणि तीन आठवड्यांत डोळा पुन्हा अंधारणार होता. आजच औषध घेतलं, तर नाही.

"आत्याबाई, मला काहीसुद्धा होत नाहीये," ती सासूला म्हणाली. "साज शुक्रवारी द्यायचाय, आणि त्या औषधानं हात थरथरतात. शनिवारी घेते."

सासूबाईंनी पट्टी खिडकीशी नेऊन दोनदा पाहिली. चार वर्षांपूर्वी या पट्ट्या नव्हत्या. तेव्हा एका डोळ्याला दिसत नाही म्हणून प्रणाली रडायची आणि सासूबाई म्हणायच्या, "कामाचा कंटाळा, दुसरं काय!" नजर परत यायला सहा महिने लागले होते.

त्यांनी तिच्या हातातली सुई काढून घेतली आणि औषधाचा डबा पुढे सरकवला.

"तेव्हा तुझं ऐकलं नाही, ते चुकलंच माझं. म्हणून आज तर मुळीच ऐकायची नाही," त्या म्हणाल्या. "साज मी ओवते. तू शेजारी बसून माझ्या चुका काढ. त्याला तुला दोन्ही डोळे लागतील."