चव्वेचाळीस पौंड

दिल्लीहून नवऱ्यानं शरयूला विमानाचं तिकीट पाठवलं होतं. विमानात चव्वेचाळीस पौंडच सामान चालतं, म्हणून सासऱ्यांच्या हळदीच्या तराजूवर ती ट्रंक तोलत होती. तेवढ्यात पुढच्या दारावर कुऱ्हाडी बसू लागल्या. गांधीजींच्या खुनाचा राग सांगलीतल्या ब्राह्मणांच्या घरांवर निघत होता. मागच्या भिंतीवरून तोंडाला फडकं बांधलेला माणूस परसात उतरला. शरयूनं तराजूतली लोखंडी पाचशेरी त्याच्या डोक्यात घातली. तो कोसळला, फडकं सुटलं. तो त्यांच्याच हळदीच्या अडतीवरचा गुंडा नावाचा हमाल होता. “वैनीसाब, मागल्या दारानं पळा,” रक्तबंबाळ गुंडा पुटपुटला, “कुनी वळखू नये म्हून तोंड बांधलं. गाडी जुपून आणलीया.” सासऱ्यांनी ट्रंक उचलली. “मामंजी, ती राहू द्या, आधी याला उचला!” शरयू ओरडली. दोघांनी त्याला बैलगाडीत घातलं. मागं घर पेटलं. विमान सुटलं, तेव्हा ती मिरजेच्या दवाखान्यात त्या घावानं वाचा गेलेल्या गुंडाला पेज भरवत होती.