वहिनीचा अंगठा

आमच्या इमारतीच्या ग्रुपवर पूर्वी पार्किंगवरून रोज आयमाय उद्धरली जायची. माझी वहिनी अ‍ॅडमिन झाली आणि सगळं शांत झालं. ती कुणावर डाफरत नाही, कुणाला ग्रुपमधून हाकलत नाही. वाईट मेसेज आला की आधी स्वतः पूर्ण वाचते, मग त्यावर अंगठा दाबून धरते आणि सगळ्यांच्या फोनवरून तो पुसून टाकते. सगळ्यांचं विष एकटी गिळते. मला तिचं फार कौतुक वाटतं.

"अंगठ्यावरच्या रेषासुद्धा झिजल्या गं माझ्या," परवा ती हसत म्हणाली.

काल दुपारी जेवताना आई दादावर उखडली. वहिनीने नुसता टेबलाच्या कडेवर अंगठा दाबून धरला.

आईचे ओठ हलत राहिले, आवाज मात्र थांबला. मग ती गोड हसली. "भाजी झकास झालीय हं," म्हणाली. दादाही हसला. भांडण दोघांच्याही गावी नव्हतं.

"वहिनी, हे काय केलंस?" मी जिवाच्या आकांताने ओरडले.

माझं ओरडणं मलाही ऐकू आलं नाही. आई आणि दादा निवांत जेवत होते.

वहिनीने मात्र माझं सगळं ऐकून घेतलं, मायेने मान हलवत. तिचा अंगठा पुन्हा टेबलाच्या कडेवर होता.