फोन ठेव गं

शालन गेल्याचं हॉस्पिटलातून कळवणारा फोन पहिल्या झटक्यात लागला. एरवी घाटकोपरच्या त्या घरी फोन लागणं म्हणजे नवस पावण्यासारखंच. तिच्या नवऱ्याने, भाऊरावांनी, जुन्या कॉम्प्युटरचं डबडं स्वयंपाकघरात मांडून एकाच फोनलाइनवरून घरातल्या दोन कॉम्प्युटरना इंटरनेट पुरवलं होतं, त्यामुळे लाइन कायम गुंतलेली. केवढा पराक्रम! शालनने वाकोल्याच्या बहिणीशी बोलायला रिसीव्हर उचलला, की दोन्हीकडचं नेट तुटायचं आणि भाऊराव ओरडायचे, “फोन ठेव गं!”

आता ती कटकट नव्हती. नेट झकास चालत होतं. भिंतीवर लावायला दुबईच्या भाच्याने शालनचा मोठा फोटो मेलवर पाठवला होता. तो वरून खाली, पट्टी पट्टी करत उघडत होता.

“पप्पा, केस आले, कपाळ आलं,” संघमित्रा आतून ओरडली. “आता डोळे दिसतील.”

नेट तुटलं.

ती धावत बाहेर आली. भाऊराव कुणाचाच नंबर न फिरवता नुसता रिसीव्हर कानाला लावून उभे होते.

“पप्पा, आज परत?”



भिंतीवर फोटो लावायचा अजून राहिला आहे.