काळ्या पडद्यासाठी बुबुती

भर दुपारी दिवे लावले होते. बाहेर ऊन असं की वाळूवर पाय ठेववत नव्हता, आणि आत, गावच्या मानेआबात, बैठकीच्या त्या थोरल्या छपराखाली, सिडनीच्या फोन कंपनीनं काळं कापड ताणून चार मोठाले दिवे पेटवले होते. काळं कापड आणखी काळं दिसावं म्हणून उजेड! कडेला त्यांचं जनित्र धडधडत होतं आणि त्याचा धूर खुशाल म्हाताऱ्यांच्या नाकातोंडात जात होता.

जाहिरात कशाची? तर वीज वाचवण्याची. फोनवर डार्क मोड लावा, पडदा काळा ठेवा आणि बुडणारी बेटं वाचवा, म्हणे. बेट आमचं आणि पुण्य यांचं.

"एवढंच म्हणायचं, आजी," त्यांचा म्होरक्या लॉक्लन म्हणाला. "'तुमच्या काळ्या पडद्यानं आमचं बेट वाचतंय.' बस्स."

म्हाताऱ्या कातोकितानं त्यानं हातात दिलेला फोन उलटासुलटा करून पाहिला. "किती वीज वाचते रे यानं?"

तिची भाची ब्वेरे बेटावरची नर्स. दुभाष्याचं कामही तिच्याच गळ्यात पडलं होतं, पण तिचं चित्त समुद्राकडे होतं. आज बोटीनं पोरांच्या लशी यायच्या होत्या. दवाखान्यातला फ्रिज बंद, सौर पाट्यांची बॅटरी मेलेली, चर्चचं जनित्र भरतीच्या पाण्यात गंजलेलं. फ्रिज चालू नसेल तर लशींचा डबा आल्या बोटीनं परत जाणार होता. गेल्या खेपेला तसाच परत गेला, आणि मागून गोवर आला. कातोकिताची नात त्यात गेली.

ब्वेरेनं प्रश्न सांगितला. लॉक्लन हसला. खरं बोलायचा झटका आला असावा. "काही फोनांत दिवसाकाठी चहाचा एखादा घोट गरम होईल, एवढी. बाकीच्यांत तेवढीही नाही, पडद्यामागचा दिवा जळतच असतो. पण मोजतंय कोण? लोकांना बरं वाटतं."

"मग मी नाही म्हणायची," कातोकिता म्हणाली. "माझ्या अळूच्या खड्ड्यात खारं पाणी शिरलंय. ते काय याच्या घोटभर चहानं उतरणार?"

लॉक्लननं घड्याळ पाहिलं. मग कुणीतरी शिकवून ठेवलेला शब्द त्यानं काढला. "आजी, मी तुला बुबुती करतो."

छपराखालच्या सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. चार माणसांत बुबुती केली, म्हणजे तोंडानं मागितलं, की आमच्यात नाही म्हणायची सोय नसते. नाही म्हणणाऱ्याची अब्रू जाते. त्या शहाण्याला तेवढंच माहीत होतं. घेणाऱ्याकडेही मग मागता येतं, हे अर्धं शिकायचं राहिलं होतं.

कातोकिता कॅमेऱ्याकडे तोंड करून बसली आणि ते वाक्य बोलली. शब्दन् शब्द. ब्वेरेला ते ऐकवेना, तिनं मान फिरवली.

"झकास!" लॉक्लननं टाळ्या वाजवल्या.

"आता माझी बुबुती," म्हातारी म्हणाली. "ते जनित्र दे. दवाखान्याला."

ब्वेरेनं सांगितलं तसा तो पुन्हा हसला. "अगं आजी, माझं असतं तर आत्ता दिलं असतं. कंपनीचं आहे ते. हा फोन ठेव हवा तर, आठवण म्हणून."

"मग माझं वाक्य परत दे."

"ते आता कॅमेऱ्यात गेलं."

 म्हाताऱ्या तोआनीनं हातातला पंखा खाली ठेवला. गावचा शेवटचा शब्द त्याचा.

तेवढ्यात बोटीचा भोंगा वाजला. ओहोटी होती, बोट लांब खडकापाशीच थांबली. सामान तिथवर खांद्यावरून न्यायचं होतं. लॉक्लननं जनित्र बंद केलं आणि हसत हसत गावच्या गड्यांकडे वळून दोन्ही हात पसरले. "चला, उचला. बुबुती!"

गड्यांनी तोआनीकडे पाहिलं. त्यानं मान डोलावली. सहा जण उठले, जनित्र उचललं, आणि समुद्राकडे पाठ करून दवाखान्याच्या वाटेला लागले.

"अरे, बोट तिकडे आहे!" लॉक्लन ओरडला.

"आम्हाला बोट दाखवतोस?" तोआनी म्हणाला. "कातोकिताची बुबुती आधीची, तुझी नंतरची. तू नाही म्हणालास म्हणून गाव नाही म्हणेल होय? तुझं बाकीचं सामान पोचवू की बोटीवर."

एवढं त्याला इंग्रजीत सांगून ब्वेरे लशींचा डबा आणायला खडकाकडे पळाली.

"पण उद्या दुसऱ्या बेटावर शूटिंग आहे!" लॉक्लनचा आवाज चिरकला. आता सांगायला ब्वेरे नव्हती, पण तो हात असे नाचवत होता की समजायला भाषा लागत नव्हती. "माझे दिवे कशावर लावू मी?"

कातोकिता उठली. तो फोन तिनं त्याच्या हातात परत ठेवला आणि त्याला समजेल अशा मोडक्या इंग्रजीत, सावकाश म्हणाली, "याच्यावर लाव. अख्खं बेट वाचवतो ना हा? मग चार दिव्यांचं काय एवढं?"